हात न लावता मोजलेले तापमान

कपाळासमोर कोणी ती पांढरी प्लास्टिकची बंदूक धरली नाही, असा माणूस कोविडच्या साथीत, २०२० साली, वसई-विरारमध्ये विरळाच. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन, बँकेच्या दारात शिपाई, वालीव-सातिवलीच्या कारखान्यांच्या गेटवर सुरक्षारक्षक, मे महिन्यात वसई रोडहून सुटणाऱ्या श्रमिक गाड्यांसाठी लागलेल्या मजुरांच्या रांगांपाशी आरोग्यसेवक, सगळ्यांच्या हातात तेच यंत्र होते. घोडा दाबला की आकडा यायचा, आणि त्या आकड्यावर माणूस आत जायचा किंवा बाहेर राहायचा. एवढा अधिकार हाती असलेल्या यंत्राविषयी मराठीत नीट लिहिले गेले नाही. त्याच्याविषयी दोनच मते पसरली. एक, की हे यंत्र अंगातला ताप थेट वाचते. दुसरे, काही महिन्यांनी आलेले, की ते निव्वळ थोतांड आहे. दोन्ही मते चुकीची आहेत, आणि दोन्ही एकाच गैरसमजातून जन्मली आहेत. इन्फ्रारेड तापमापक तापमान मोजतच नाही. तो आपल्यापर्यंत पोहोचलेले किरण मोजतो आणि त्यावरून समोरच्या वस्तूचे तापमान किती असावे याचे अनुमान करतो. हे अनुमान पक्के असू शकते, कारण त्याच्यामागे भौतिकशास्त्रातला अतिशय भक्कम नियम आहे. पण त्या अनुमानाला विश्वास उसना आणावा लागतो, आणि तो येतो कुठेतरी प्रत्यक्ष स्पर्शाने घेतलेल्या मोजमापातून. या लेखात मला एवढेच दाखवायचे आहे.

नियमापासून सुरुवात करू. जगातली प्रत्येक वस्तू, मग ती भट्टीतले लोखंड असो की माठातले पाणी, सतत किरण बाहेर टाकत असते. लोखंड सव्वापाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की त्यातले थोडे किरण आपल्या डोळ्यांना दिसू लागतात, म्हणून ते मंद लाल दिसते. आणखी तापले की केशरी, पिवळे, पांढरे. लोहार रंगावरून लोखंडाची आच ओळखतो तेव्हा तो हात न लावता तापमानच मोजत असतो. त्याहून थंड वस्तूही प्रकाशतात, पण त्यांचा प्रकाश लाल रंगाच्या पलीकडचा असतो आणि आपले डोळे त्याला आंधळे असतात. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३४ अंश असते. त्या तापमानाला बाहेर पडणाऱ्या किरणांचा जोर ९.४ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जास्त असतो, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या हिरव्या प्रकाशाच्या जवळजवळ सतरा पट लांब लहर. हे किरण काही नगण्य नव्हेत. ३४ अंशांचा पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे सुमारे ५०० वॉट ऊर्जा बाहेर टाकतो. प्रौढ माणसाच्या अंगाचा हिशेब केला तर हा आकडा साडेआठशे वॉटच्या घरात जातो. एवढी ऊर्जा टाकूनही माणूस गारठून जात नाही, कारण ३० अंशांच्या खोलीतल्या भिंती, छत आणि जमीन त्याच्याकडे आठशेच्या आसपास वॉट परत पाठवत असतात. खरा तोटा उरतो तो चाळीस-पन्नास वॉटचा. हा फरक ध्यानात ठेवावा, पुढे यंत्राच्या पोटात तोच भेटणार आहे.

या अदृश्य प्रकाशाचा शोध तापमापकानेच लागला. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये लोलकातून सूर्यप्रकाश फाकवला, एकेका रंगात काळे फासलेल्या फुग्याचा तापमापक ठेवला, आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. म्हणजे अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांचा पहिला पुरावा काचेच्या नळीतल्या पाऱ्यानेच दिला. १८७९ साली योझेफ स्टेफानने प्रयोगांच्या आकड्यांवरून नियम मांडला की वस्तूतून बाहेर पडणारी एकूण ऊर्जा तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या पटीत वाढते. १८८४ साली बोल्ट्झमनने त्याला तात्त्विक पाया दिला. १९०० साली माक्स प्लांकने कोणत्या तरंगलांबीला किती ऊर्जा हे सांगणारे सूत्र लिहिले, आणि १९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी तेच सूत्र प्रकाशाला कणांचा समूह मानून स्वतंत्रपणे सिद्ध केले. वॉचमनच्या हातातल्या त्या बंदुकीतली चिप आकडा दाखवण्याआधी जे गणित करते, त्याची एक सिद्धता तेव्हाच्या अखंड भारतात लिहिली गेली. शाळेत इन्फ्रारेड तापमापक शिकवताना हे सांगितले जात नाही, याची मला खंत वाटते. चौथ्या घाताचा व्यावहारिक अर्थ असा, की शरीराच्या तापमानापाशी एक अंश सेल्सिअस वाढला की किरण सव्वा ते दीड टक्क्याने वाढतात. ताप आहे की नाही हे ठरवायला यंत्राला तेवढा बारीक फरक पकडावा लागतो.

तो पकडला कसा जातो? बंदुकीच्या तोंडाशी एक भिंग किंवा नुसती पोकळ नळी असते. तिच्यामागे साधा प्रकाश अडवून फक्त लांब लहरींचे किरण आत सोडणारी गाळणी, आणि गाळणीमागे शेंगदाण्याहून लहान धातूच्या डबीत एक अतिशय पातळ पडदा. या पडद्यावर दोन भिन्न पदार्थांचे सूक्ष्म जोड ओळीने बसवलेले असतात. त्यांची एक टोके पडद्याच्या मध्यावर, काळ्या ठिपक्याखाली असतात आणि दुसरी डबीच्या जाड कडेवर. किरण पडून मध्य कडेपेक्षा किंचित तापला की जोडांमध्ये विजेचा दाब तयार होतो. टॉमस झेबेकने १८२१ साली पाहिलेला हा परिणाम. दाब इतका अल्प असतो की असे अनेक जोड साखळीत जोडावे लागतात. या साखळीला थर्मोपाइल म्हणतात. आता मुख्य गोष्ट. पडदा कपाळाकडून किरण घेतो तसाच स्वतःही किरण टाकतो. त्याला कळतो तो फक्त फरक. दुकानदाराला दिवसअखेर गल्ल्यात दोनशे रुपये वाढलेले दिसले, तर विक्री किती झाली हे सांगायला गल्ल्यातून गेले किती हेही माहीत हवे, तसेच हे आहे. म्हणून डबीच्या आत दुसरा एक तापमापक बसवलेला असतो, थर्मिस्टर नावाचा छोटा मणी. तो डबीला चिकटून, स्पर्शाने, डबीचे स्वतःचे तापमान मोजतो. चिप त्या तापमानावरून यंत्राने टाकलेले किरण काढते, त्यात फरक मिळवते आणि मग कपाळाचा आकडा मांडते. स्पर्शाविना मापन करणाऱ्या यंत्राच्या गाभ्यात स्पर्शाने मोजणारा तापमापक बसलेला आहे, आणि तो चुकला की सगळेच चुकते.

तो चुकतो कधी, हे वसईच्या हवेत राहणाऱ्यांना सहज कळेल. एसी केबिनमध्ये २४ अंशांत ठेवलेली बंदूक मे महिन्यात ३५ अंशांच्या व्हरांड्यात आणली की डबीची कड, पडदा आणि मणी एका तापमानाला यायला वेळ लागतो. त्या दहा-वीस मिनिटांत मणी एक सांगतो आणि पडद्याभोवतीची नळी दुसऱ्याच तापमानाची असते. आकडा तेव्हाही येतो, तितक्याच आत्मविश्वासाने, दशांश चिन्हासकट. बरोबरच्या माहितीपत्रकात बहुधा लिहिलेले असते की वापरण्याआधी यंत्र त्या जागेच्या हवेत काही वेळ ठेवावे. गेटवरच्या माणसाच्या हाती ते पत्रक कोण देतो?

यंत्राच्या आतला हिशेब बरोबर असला, तरी बाहेर एक मोठा प्रश्न उरतो. एकाच तापमानाच्या दोन वस्तू सारखेच किरण टाकत नाहीत. जो पृष्ठभाग आपल्यावर पडणारे किरण पुरते गिळतो तोच पुरते बाहेरही टाकतो; जो आरशासारखा परतवतो तो स्वतःचे फार थोडे टाकतो. या गुणाला उत्सर्जकता म्हणतात आणि ती शून्य ते एक यांच्यामध्ये मोजतात. पाणी, रंग, कागद, लाकूड, रबर यांची उत्सर्जकता नऊ दशांशांच्या आसपास किंवा वर असते. चकचकीत स्टीलची एक दशांशाच्या आसपास. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींमध्ये स्टील, ॲल्युमिनियम, साचे, प्लास्टिक यांचे काम चालते, तिथे हा फरक रोजचा आहे. समजा पॉलिश केलेल्या स्टीलच्या भांड्यात ९० अंशांचे पाणी आहे आणि खोली ३० अंशांची. स्वस्त यंत्राची उत्सर्जकता कारखान्यातूनच ०.९५ वर बांधलेली असते. भांड्याची ०.१ धरून स्टेफानचा नियम लावला तर यंत्र दाखवेल सुमारे ३८ अंश. हाताला फोड आणणारे भांडे, आणि आकडा कणकणीचा. यंत्र खोटे बोलत नाही. त्याच्यापर्यंत भांड्याचे थोडे आणि खोलीच्या भिंतींचे भांड्यावरून परतलेले पुष्कळ किरण पोहोचले, त्यांचा त्याने प्रामाणिक हिशेब दिला. त्याच भांड्याला बाहेरून काळ्या इलेक्ट्रिक टेपचा तुकडा घट्ट चिकटवा, मिनिटभर थांबा, यंत्र जवळ आणून टेपवर धरा. आकडा नव्वदीच्या आसपास येईल. जाणकार मेंटेनन्सवाले हेच करतात. काही जण खडूने किंवा काळ्या रंगाने ठिपका काढतात. टेप धातूला टेकलेली असते, तिचे तापमान स्पर्शाने धातूइतके होते, आणि मग ती धातूच्या वतीने किरण टाकते. इथेही मधला दुवा स्पर्शाचाच आहे.

याच कसोटीवर त्वचा अव्वल ठरते, आणि म्हणून २०२० मध्ये जे घडले ते जास्त विचार करण्यासारखे आहे. जे. डी. हार्डी यांनी १९३४ साली दाखवले की लांब लहरींच्या या प्रकाशात माणसाची त्वचा, डोळ्यांना तिचा रंग कोणताही दिसो, जवळजवळ पूर्ण काळी असते. तिची उत्सर्जकता ०.९८ च्या आसपास आहे. शिवाय वसईच्या उन्हाळ्यात भोवतालचे तापमान त्वचेच्या जवळ असते, त्यामुळे उत्सर्जकतेत थोडी चूक झाली तरी आकड्यात ती अंशाच्या दशांशापलीकडे जात नाही. म्हणजे भौतिकशास्त्राच्या बाजूने कपाळ ही मोजायला फार सोपी वस्तू आहे. अडचण पुढे आहे. बरोबर मोजलेले कपाळाचे तापमान म्हणजे ताप नव्हे. शरीराच्या आतले तापमान ३७ अंशांपाशी असते. कपाळाची त्वचा त्याहून दोन-चार अंशांनी थंड असते आणि किती थंड हे प्रसंगावर अवलंबून असते. भर उन्हात पूल चढून आलेल्या माणसाचे कपाळ तापलेले असते. घाम वाळत असलेल्या माणसाचे कपाळ गार असते, कारण घाम वाफ होताना त्वचेची उष्णता घेऊन जातो. ताप चढत असताना, थंडी वाजते तेव्हा, त्वचेकडचा रक्तपुरवठा आखडतो आणि आत तापमान वाढत असताना कपाळ थंडच राहू शकते. यंत्रात बहुधा दोन पद्धती असतात, एक वस्तूसाठी आणि एक शरीरासाठी. शरीराची पद्धत लावली की चिप मोजलेल्या ९३-९४ अंश फॅरनहाइटमध्ये उत्पादकाने ठरवलेली भर घालून ९७-९८ दाखवते. ही भर सरासरी माणसाची, सरासरी खोलीतली. विरारच्या स्कायवॉकवर दुपारी दोन वाजता ती कितपत लागू पडेल?

त्यात अंतराची भर. प्रत्येक यंत्र एका शंकूच्या आकाराच्या टापूतले किरण गोळा करते. कारखान्यात वापरायच्या यंत्रावर १२:१ असे लिहिलेले असेल तर १२ सेंटिमीटरवरून ते एक सेंटिमीटरचा ठिपका पाहते आणि १२० सेंटिमीटरवरून दहा सेंटिमीटरचा. कपाळाच्या यंत्राचा शंकू आणखी पसरट असतो, म्हणून ते तीन ते पाच सेंटिमीटरवर धरायचे असते. संसर्गाच्या धास्तीने ते हातभर लांब धरले जाई. तेव्हा कपाळाबरोबर केस, टोपी आणि मागची भिंतही मोजली जाई आणि आकडा खाली येई. मग काही ठिकाणी मनगट मोजायची पद्धत पडली, पण तेही भरवशाचे नव्हते. या सगळ्यावर कडी म्हणजे, आकडा अगदी बरोबर आला असता तरी प्रश्न सुटला नसता. कोविड झालेल्या पुष्कळांना ताप येत नव्हता, काहींना लक्षणे दिसण्याआधीच संसर्ग पसरवता येत होता, आणि पॅरासिटामॉलची गोळी घेतलेला माणूस थंड कपाळाने फाटकातून आत जात होता. हे अपयश तापमापकाचे नव्हे. त्याला विचारलेला प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा होता. थोतांड म्हणणाऱ्यांना माझे हे उत्तर आहे. त्याच यंत्रात ९९.८ दिसल्यावर माणसाला सावलीत पंधरा मिनिटे बसवून काखेत किंवा जिभेखाली साधा तापमापक लावणारी जागा असती, तर तेच यंत्र उपयोगी चाळणी ठरले असते. चाळणीचे काम निवाड्यावर नेले, ही चूक. (या किरणांनी मेंदूला किंवा डोळ्यांना अपाय होतो अशी अफवाही त्या काळी फिरली. यंत्र कपाळावर कोणतेही अवरक्त किरण सोडत नाही, ते फक्त घेते. कारखान्यातल्या यंत्राचा लाल ठिपका नेम धरण्यासाठीचा लेझर असतो, त्याचा मापनाशी संबंध नाही. तो डोळ्यात मात्र मारू नये.)

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पाऱ्याचा तापमापक तरी तापमान कुठे मोजतो? तो पाऱ्याचे फुगणे मोजतो आणि त्यावरून अनुमानच करतो. डिजिटल तापमापक विजेचा रोध मोजतो. मग इन्फ्रारेडलाच अनुमानाचा डाग का लावायचा? आक्षेपात तथ्य आहे. तापमान कोणालाच थेट दिसत नाही. पण दोन अनुमानांत एक मोठा भेद आहे. काखेतला पारा काही मिनिटांत काखेच्या तापमानाला येतो. दोन वस्तू पुरेसा वेळ टेकून राहिल्या की त्यांची तापमाने सारखी होतात, मग त्या चकचकीत असोत की काळ्या, खरखरीत असोत की गुळगुळीत. त्यानंतर पाऱ्याने सांगायचे असते ते फक्त स्वतःविषयी, आणि पाऱ्याविषयी आपल्याला सगळे ठाऊक आहे. इन्फ्रारेड तापमापक मात्र दुसऱ्याविषयी सांगतो. त्याला समोरच्या पृष्ठभागाचा स्वभाव, भोवतालचे किरण, मधली हवा, अंतर आणि स्वतःचे तापमान हे सगळे गृहीत धरावे लागते. पाऱ्याला एक गृहीतक पुरते, याला पाच लागतात. म्हणून याची किंमत कमी होत नाही. फिरती वस्तू, विजेची तार, वितळलेला धातू, झोपलेले तान्हे मूल, जिथे टेकून थांबणे शक्य नाही तिथे हाच लागतो. पण याचा आकडा वाचणाऱ्यावर जबाबदारी जास्त पडते.

ही जबाबदारी कशी पाळायची हे रेल्वेकडून शिकावे. एकाच रेल्वेत दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेगळे निर्णय झाले आहेत. गाडी स्थानकात येऊन थांबली की डबे तपासणारे कर्मचारी चाकांच्या एक्सल बॉक्सचे तापमान हातातल्या इन्फ्रारेड यंत्राने पाहतात. बेअरिंग बिघडले तर बॉक्स तापतो, आणि वेळीच कळले नाही तर पुढे अपघात होऊ शकतो. इथे बॉक्सवर रंग, धूळ आणि ग्रीस असते, म्हणजे उत्सर्जकता चांगली. वेळ थोडा, बॉक्स पुष्कळ. शिवाय नेमका आकडा दोन-तीन अंशांनी चुकला तरी बिघडत नाही, कारण एकाच गाडीत, एकाच हवेत, एकाच धावेनंतर शेजारच्या बॉक्सपेक्षा कोणता बॉक्स वेगळा तापला आहे एवढेच हवे असते. सगळ्या आकड्यांत चूक सारखीच असेल तर तुलनेत ती गळून पडते. याउलट उन्हाळ्यात रूळ किती तापला हे पाहायला रेल्वे रुळाला टेकणारा तापमापक वापरते. तबकडीचा, चुंबकाने रुळाला चिकटणारा प्रकार त्यातलाच. लांब जोडलेला रूळ तापून वाकू नये म्हणून ठरावीक तापमानाला गस्त सुरू करावी लागते, तेव्हा तिथे तुलना चालत नाही, खरा आकडा लागतो. आणि रूळ हा पृष्ठभाग फसवा आहे. त्याचा माथा दिवसभर चाकांखाली घासून आरशासारखा चकाकतो आणि वर असलेल्या थंड आकाशाचे किरण परतवतो, म्हणून इन्फ्रारेड यंत्र माथ्यावर धरले तर आकडा कमी येईल. त्याच रुळाच्या गंजलेल्या उभ्या बाजूवर धरले तर खऱ्याच्या जवळ येईल. दोन जागांत वीतभरही अंतर नाही. यंत्र कुठे पुरते आणि कुठे पुरत नाही हे ओळखून केलेली ही निवड मला फार मोलाची वाटते.

कोणी म्हणेल, स्पर्शाचा आधार हा निदान अतिशय उंच तापमानाला तरी सुटतो. ओतकामाच्या भट्टीत कोणता तापमापक बुडवणार? १९९० च्या आंतरराष्ट्रीय तापमान श्रेणीत तर स्पष्टच ठरले आहे, की ९६१.७८ अंश सेल्सिअसच्या वर तापमानाची व्याख्याच किरणांवरून, प्लांकच्या सूत्राने करायची. म्हणजे तिथे स्पर्शविरहित मापन हेच मूळ मापन. हा आक्षेप सर्वांत बळकट आहे, आणि मी तो अर्धा मान्य करतो. अर्धाच, कारण ९६१.७८ हा आकडा आला कुठून ते पाहावे. तो शुद्ध चांदी गोठण्याचा बिंदू आहे. त्याच्यापर्यंतची श्रेणी प्लॅटिनमच्या रोधमापकाने, म्हणजे स्पर्शाने, मोजलेली आहे, आणि वरची श्रेणी चांदी, सोने किंवा तांबे गोठताना निघणाऱ्या किरणांशी तुलना करूनच काढतात. ही तुलना करताना वितळलेल्या धातूच्या मध्ये एक खोल पोकळी बसवतात आणि तिच्या बारीक तोंडातून येणारे किरण मोजतात. खोल पोकळीत शिरलेला किरण भिंतींवर आपटत राहतो आणि बाहेर निसटत नाही, म्हणून तिची भिंत कशाचीही असली तरी तिची उत्सर्जकता जवळजवळ एक होते. ती पोकळी धातूत बुडालेली असते, धातूच्याच तापमानाला आलेली. रोजच्या वापरातली इन्फ्रारेड यंत्रेही तपासली जातात ती अशाच पोकळीसमोर, जिचे तापमान आत खुपसलेला तापमापक सांगतो. कानात घालायचा तापमापक कपाळाच्या यंत्रापेक्षा जास्त भरवशाचा असण्याचे एक कारणही हेच: कानाची नळी ही निसर्गाने दिलेली पोकळी आहे आणि तिच्या टोकाचा पडदा आतल्या रक्ताच्या जवळ आहे.

शेवटी समुद्राकडे वळतो, कारण वसई तालुक्यात या विज्ञानाचा सर्वांत मोठा उपयोग कपाळावर किंवा कारखान्यात होत नसून अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या समोरच्या पाण्यावर होतो. २६ जुलै २०१३ ला सोडलेला इन्सॅट-३डी आणि त्याच्यानंतरचे ३डीआर व ३डीएस हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवरून समुद्राकडे पाहत आले आहेत. किरण मोजण्याचे तत्त्व बंदुकीचेच. हैदराबादची इनकॉइस ही संस्था वेगवेगळ्या उपग्रहांनी मोजलेले समुद्राचे तापमान आणि पाण्यातल्या हरितद्रव्याचे प्रमाण एकत्र करून मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे याची सूचना काढते, कोणत्या बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीवर, आणि ती मराठीतही मिळते. तांडेलाला इथे पाणी २७.३ अंश आहे की २७.६ याच्याशी कर्तव्य नसते. गार आणि कोमट पाण्याची सीमा कुठून जाते, हे हवे असते, कारण तिथे खाद्य साचते आणि त्यामागे मासळी येते. एक्सल बॉक्सप्रमाणे इथेही तुलनाच कामाला येते. मधली हवा मात्र इथे हातभर नसून सगळे वातावरण असते. आपल्या किनाऱ्यावरच्या हवेतली वाफ समुद्राचे काही किरण गिळते, म्हणून उपग्रह ११ आणि १२ मायक्रॉनच्या आसपास अशा दोन पट्ट्यांत मोजतो. वाफ दोन्ही पट्ट्यांवर कमी-अधिक परिणाम करते आणि त्या फरकावरून ती किती आहे हे कळून दुरुस्ती करता येते. ढगाला मात्र इलाज नाही. ढग आला की उपग्रह ढगाच्या माथ्याचे तापमान सांगतो, पाण्याचे नव्हे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा तो ढगांमुळे तसाही बराचसा आंधळा असतो. स्वच्छ दिवशीसुद्धा त्याला दिसतो तो पाण्याचा अगदी वरचा, केसाच्या जाडीहूनही पातळ थर, आणि हवेत उष्णता जात असल्यामुळे तो खालच्या पाण्यापेक्षा बहुधा किंचित गार झालेला असतो. जाळे ज्या पाण्यात पडते त्याच्याशी हा थर जुळवून घ्यायला समुद्रात तरंगते बोये ठेवावे लागतात. अर्गो नावाच्या आंतरराष्ट्रीय योजनेतले तरंगते मापक साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत खाली जातात, वर येताना पाण्याला टेकून त्याचे तापमान आणि खारेपणा मोजतात आणि उपग्रहामार्फत कळवतात. भारताचे असे मापक इनकॉइसच चालवते. ३६,००० किलोमीटरवरून मोजलेला आकडा खरा मानायचा की नाही, हे अशा पाण्यात बुडलेल्या तापमापकांशी ताडून ठरते.